तोंडी बातमी आणि प्रयोगाची चौकट

बातमी तोंडातोंडी बिघडत जाते हे दाखवण्यासाठी वर्गात एक खेळ घेतात. पहिल्या मुलाच्या कानात एक वाक्य सांगायचे. रांगेच्या शेवटी त्याचे भलतेच काही झालेले असते. मुले हसतात आणि ‘ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये’ असा बोध निघतो. या बोधाला शास्त्रीय आधार म्हणून गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांच्या ‘द सायकॉलॉजी ऑफ रूमर’ (१९४७) या पुस्तकाकडे बोट दाखवता येते.

त्यातला मुख्य प्रयोग साधा आहे. एकाने पडद्यावरचे चित्र पाहून दुसऱ्याला त्याचे वर्णन सांगायचे. चित्र न पाहिलेल्या त्या दुसऱ्याने ते तिसऱ्याला सांगायचे. पाचसहा जणांपर्यंत पोहोचताना सुमारे ७० टक्के तपशील गळाले. एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हाती वस्तरा होता. त्या चित्रावरच्या निम्म्याहून अधिक प्रयोगांत कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर तो कृष्णवर्णीयाच्या हाती गेला. पूर्वग्रह सांगण्याला कसे वळण देतो, याचा हा पुरावा मोलाचाच आहे.

आमचा आक्षेप आहे तो निष्कर्ष ताणण्याला. प्रयोगात ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. पारावर किंवा शिक्षकांच्या खोलीत मात्र “तुला कोणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस का?” असे विचारता येते. तीच बातमी दोघाचौघांकडून येते व ताडून पाहता येते. प्रयोगाची ही मर्यादा लेखकांनी स्वतःच मान्य केली आहे. वर्गातल्या खेळात तिचा विसर पडतो.

दुसरा प्रश्न असा की, लोक अफवा सांगतात तरी का? १५ जानेवारी १९३४ रोजी झालेल्या बिहारच्या भूकंपानंतरच्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी अभ्यास केला. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथे आणखी मोठ्या संकटांच्या अफवा उठल्या. मनात भीती होती, पण डोळ्यांसमोर तिचे कारण नव्हते. ते अफवेने पुरवले, असा अर्थ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये लावला. खात्रीची माहिती नसताना लोकांनी मिळून परिस्थितीचा अर्थ लावणे म्हणजे अफवा, असे तामोत्सु शिबुतानी यांनी १९६६ मध्ये मांडले.

तेव्हा खेळ जरूर घ्यावा, पण दोनदा. दुसऱ्या खेपेस प्रत्येकाला एक प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी आणि दोन्ही वेळची शेवटची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. गावात अफवा उठली, तर ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून मोकळे होण्याआधी, त्यांना कोणती माहिती वेळेवर मिळाली नाही, हे आपण मुलांसह शोधावे.