पुराण आणि अभंग : मराठी ख्रिस्ती काव्यातील दोन श्रद्धा

मराठी ख्रिस्ती काव्याचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्स आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ही दोन नावे आपण एका दमात घेतो. दोघांमध्ये तीन शतकांचे अंतर आहे, हे आपल्या ध्यानात असते. परंतु एक कॅथलिक व दुसरे प्रॉटेस्टंट, या भेदाचा त्यांच्या काव्याच्या घडणीशी काही संबंध आहे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रभू एकच, मग भेद कशाला उगाळायचे, अशी आपली समजूत. सौजन्य म्हणून ती ठीक; वाचक म्हणून मात्र ती आपल्याला आळशी करते.

‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ग्रंथारंभी स्टीफन्स त्रैक्याला वंदन करून थांबत नाहीत. पवित्र मरिया, देवदूत, संत यांनाही ते नमन करतात. मराठी ग्रंथकार गणेश, शारदा, सद्गुरू अशी वंदनाची माळ गुंफीत आला होता. त्या संकेतात आपल्या श्रद्धासारातील ‘संतांचा समागम’ मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखा बसला. साष्टीच्या देवळात एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंकडे पुराणाची मागणी करतो, ही ग्रंथाची चौकटही अर्थपूर्ण आहे. येथे शास्त्र भाविकाच्या हाती पडत नाही; मंडळी जमली असता गुरुमुखातून कानी पडते. उलट प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मराठीत पाऊल टाकले ते भाषांतराने : विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरहून मराठी नवा करार 1811 साली बाहेर पडला. (पुराण ही बायबलची उणीव भरून काढण्याची सोय होती, असे कोणी म्हटले तर आपण रागावू नये. ते बऱ्याच अंशी खरे आहे.)

टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेत ते आले. या परंपरेत बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, आणि सात संस्कारांपैकी दोनच मानले जातात. टिळकांच्या अभंगांत भक्त आणि ख्रिस्त असे दोघेच उरतात. मध्ये कोणी मध्यस्थ नाही, पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू नाही. ख्रिस्तालाच ते माउली म्हणून आळवितात. कॅथलिक समीक्षकाला येथे मोह होतो की, मरियामातेची रिकामी जागा कवीने अशी भरून काढली, असे म्हणून टाकावे. मला हा निष्कर्ष फार सोपा वाटतो. विठ्ठलाला विठाई म्हणणारी वारकरी परंपरा टिळकांच्या रक्तात होती. त्यांना ही हाक प्रॉटेस्टंट होण्याआधीच ठाऊक होती. प्रॉटेस्टंट श्रद्धेने एवढेच केले, की या हाकेला दुसरा धनी ठेवला नाही.

माझ्या मांडणीला एक अडचण आहे, ती लपवीत नाही : दीर्घ कथाकाव्याची ओढ टिळकांनाही होती. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

खरा वियोग काव्यात नव्हे, तर ‘देवाच्या दरबारा’त होतो. 1917 साली टिळकांनी स्थापिलेल्या या बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावयाचे होते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 च्या ऐक्यविषयक आदेशात स्नानसंस्कारालाच सर्व ख्रिस्ती जनांतील ऐक्याचे बंधन म्हटले. पाण्याने व त्रैक्याच्या नावाने दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा आपण ग्राह्य धरतो, तो पुन्हा देत नाही. म्हणजे ज्या धाग्याने टिळक आपल्याशी बांधलेले आहेत, तोच ते सैल सोडतात. येथे मला त्यांच्याबरोबर जाता येत नाही.

त्यांची गीते आपल्या देवळांतूनही गायिली जातात, आणि गायिली जावीत. ख्रिस्तप्रसादानंतरच्या शांततेत ती विशेष शोभतात. अर्पणविधीसाठी मात्र गायकवृंदाने दुसरे गीत निवडावे. तेथील श्रद्धा टिळकांची नव्हती.