प्रतिष्ठा आणि पुरावा : मागे घेतलेल्या एका शोधनिबंधाचे परीक्षण

संदर्भसाधनांचे मूल्यमापन करताना नियतकालिकाचे नाव हाच निकष मानण्याची सवय महाविद्यालयीन वर्तुळात रूढ झाली आहे. ती किती अपुरी आहे हे १९९८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्र्यू वेकफिल्ड व १२ सहलेखकांच्या शोधनिबंधावरून स्पष्ट होते.

बाह्य रचनेच्या दृष्टीने या निबंधात उणे काढण्यासारखे थोडेच आहे. पार्श्वभूमी, पद्धती, निष्पत्ती, अन्वयार्थ हा क्रम सांभाळलेला आहे. भाषाही संयत आहे. दोष आहे तो पुरावा आणि सूचितार्थ यांच्यातील अंतरात. अभ्यासलेली मुले अवघी १२. त्यांपैकी ८ मुलांच्या बाबतीत गोवर-गालगुंड-रुबेला लस व वर्तनातील बदल यांचा संबंध जोडला गेला, तो मुख्यतः पालकांच्या स्मरणावरून. लस न घेतलेल्या मुलांशी तुलना नाही. ज्या वयात ही लस दिली जाते, त्याच सुमारास स्वमग्नतेची लक्षणे लक्षात येऊ लागतात. तेव्हा असा योगायोग काही मुलांत आढळणारच. संबंध सिद्ध झाला नसल्याचे निबंधातच नमूद आहे. परंतु पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी संयुक्त लसीविषयी शंका व्यक्त केली आणि समाजाने तेवढेच ऐकले. इंग्लंडमधील लसीकरण सुमारे ९२ टक्क्यांवरून २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर आले.

डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या २००२ च्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. २००४ मध्ये १० सहलेखकांनी अन्वयार्थ मागे घेतला. मुलांची निवड आणि लपविलेले आर्थिक हितसंबंध मात्र वाचनातून कळण्यासारखे नव्हते. ते पत्रकार ब्रायन डीअर यांच्या शोधातून व वैद्यकीय परिषदेच्या चौकशीतून उघड झाले. २०१० मध्ये निबंध पूर्णतः मागे घेण्यात आला. तज्ज्ञपरीक्षणाची मर्यादा ती हीच : लेखकाने दिलेली माहिती खरी आहे, असे गृहीत धरूनच परीक्षक काम करतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 'केअर' सूची २०२५ मध्ये बंद केल्यानंतर नियतकालिकाच्या निवडीचा भार संस्थांवर व अध्यापकांवर आला आहे. सूची असतानाही प्रत्येक निबंध तपासण्याचे काम सुटलेले नव्हते, एवढेच की ते केले जात नव्हते. नियतकालिकाच्या संकेतस्थळावरील मूळ प्रतीवर निबंध मागे घेतल्याची नोंद दिसते. जुन्या छायाप्रतीवर किंवा दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उतरवलेल्या नोंदीत ती दिसत नाही.