पैलतीरावर कोणी नाही

भंडाऱ्याजवळ कारध्याच्या पुलावर उभे राहिले, की वैनगंगेचा दुसरा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो. आंद्रे वायदा या पोलिश दिग्दर्शकाच्या ‘कनाल’ या चित्रपटातील शेवटाजवळचे एक दृश्य मला खऱ्या अर्थाने उमगले ते या पुलावर. शहराच्या पोटातून मैला वाहून नेणाऱ्या भुयारी गटारातून तासन् तास चालत आलेली एक तरुणी आणि तिचा जखमी सोबती अखेर उजेडापाशी पोहोचतात. गटाराच्या तोंडाला लोखंडी गज आहेत. गजांपलीकडे ऊन आहे, नदीचे संथ पाणी आहे आणि पैलतीर आहे. पैलतीरावर कोणी नाही. कोणी काही बोलत नाही, कॅमेरा तेवढा क्षणभर तिकडे पाहत राहतो.

या दृश्याचा अर्थ कळायचा तर मागचा इतिहास ठाऊक हवा. १९३९ पासून वॉर्सा जर्मनांच्या ताब्यात होते. १ ऑगस्ट १९४४ रोजी सायंकाळी पाच वाजता तेथील भूमिगत सेनेने उठाव केला. सोविएत फौजा विस्ला नदीच्या पूर्वेला येऊन ठेपल्या होत्या. काही दिवस शहर लढवले की त्या आत येतील, आणि तोवर शहर पोलिश लोकांच्याच हाती असेल, असा हिशेब होता. लढाई ६३ दिवस चालली. पूर्वेकडून येणारा सोविएत तोफांचा आवाज ऑगस्टच्या आरंभीच थांबला. इटलीतील तळांवरून ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी आणि पोलिश वैमानिक सुमारे १३०० किलोमीटर उडत येऊन रात्री शस्त्रे टाकीत. अशा विमानांना सोविएत विमानतळांवर उतरू द्यावे, ही विनंती स्टालिनने ऑगस्टमध्ये फेटाळली. रूझवेल्ट यांनी ती फार ताणून धरली नाही. सप्टेंबरात परवानगी मिळाली आणि १८ तारखेला शंभरावर अमेरिकी विमाने आली. पण तोवर उठाववाल्यांच्या हाती शहराचे इतके थोडे तुकडे उरले होते, की बहुतेक पेट्या जर्मनांच्या हद्दीत पडल्या. त्याच महिन्यात सोविएत सैन्याने समोरचे प्रागा हे उपनगर घेतले. त्यांच्या हुकमतीखालील पोलिश पलटणींतले काही सैनिक नदी ओलांडून आले आणि त्यांतले पुष्कळ मारले गेले. मुख्य सैन्य पलीकडेच राहिले. सुमारे १६,००० लढवय्ये आणि दीड ते दोन लाख नागरिक या दोन महिन्यांत गेले. शरणागतीनंतर हिटलरच्या आज्ञेने उरलेली घरे रांगेने जाळली आणि सुरुंगांनी उडवली गेली. सोविएत सैन्य शहरात शिरले ते १७ जानेवारी १९४५ रोजी. सोविएत फौजा दमल्या होत्या, जर्मनांनी प्रतिहल्ला केला होता, हे खरे आहे. पण विमानतळ नाकारण्याला दमणूक हे कारण पुरत नाही.

‘कनाल’ १९५७ चा. कम्युनिस्ट राजवटीतील सेन्सॉरपुढे सोविएत सैन्याबद्दल एक अक्षर काढणे शक्य नव्हते. वायदाने म्हणून फक्त काठ दाखवला. पोलिश प्रेक्षकाने उरलेले स्वतः भरून घेतले. सक्तीच्या मौनातून कलावंताने इतके नेमके बोलावे, याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. पटकथाकार येझी स्तेफान स्ताविन्स्की स्वतः या गटारांतून गेलेला होता. म्हणूनच गुदमरणे, रस्ता चुकणे, हातबॉम्ब टांगलेले बाहेरचे भोक हे सारे अनुभवाच्या खात्रीने येते. चित्रपटाला कान महोत्सवात परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले. तरीही एक गोष्ट मला खटकते. गटारात वेडा होणारा संगीतकार आणि त्याच्या तोंडचा दान्ते. नरकात उभ्या असलेल्या माणसाने ‘हा नरक आहे’ असे सांगायची गरज नसते. उलट, आरंभीच निवेदक एकेका पात्राची ओळख करून देतो आणि ही यांच्या आयुष्यातली अखेरची घटका आहे, असे बजावतो, ते मात्र योग्य वाटते. प्रेक्षकाला आशेची लाच दिलेली नाही.

वायदाची माणसे सैनिक आहेत. त्यांनी शपथ घेतली होती. पण ज्यांनी काहीच घेतले नव्हते त्या दीड-दोन लाखांचे काय? त्यांच्यासाठी मिरॉन ब्याओशेव्स्की या कवीच्या गद्य स्मृतिकथेकडे वळावे लागते. ती १९७० मध्ये पोलिशमध्ये आली, १९७७ मध्ये इंग्रजीत. उठावाच्या वेळी लेखक बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या हाती बंदूक नव्हती. वीस वर्षे त्याला यावर लिहिता आले नाही. तो फक्त भेटेल त्याला सांगत राहिला. पंचेचाळिसाव्या वर्षी लिहायला बसला तेव्हाही त्याने ते सांगण्याच्याच भाषेत लिहिले. अर्धी वाक्ये, मध्येच दुरुस्ती, ‘ते त्या दिवशी की दुसऱ्या’ असा घोळ, पुन्हा मागे जाणे. प्रथम वाचताना चीड येते. गल्ल्यांची आणि घरांची नावे इतकी येतात, की भंडाऱ्यात बसलेल्या वाचकाचा जीव मेटाकुटीला येतो. शेजारी नकाशा ठेवूनही मी दोनदा पुस्तक मिटले. मग ध्यानात आले, की हा माणूस गल्ल्यांची नावे घेतो आहे ती ते रस्ते आता नाहीत म्हणून. आपल्याकडे घरात मृत्यू झाला, की म्हातारी माणसे गेलेल्याच्या बारीकसारीक सवयी पुन्हा पुन्हा सांगत बसतात. त्यातलाच हा प्रकार आहे.

या पुस्तकातली खरी जागा म्हणजे तळघर. तेथे पाणी कोठून आणायचे, चूल कशी पेटवायची, विमानाचा आवाज आला की कोणत्या भिंतीला टेकायचे, यांचा संसार चालतो. आणि प्रार्थना चालते. लोक एकत्र म्हणतात, एकाने सुरू केली की सगळे तळघर धरते. लेखक आणि त्याचा मित्र तर एक नवी लितानीच रचतात. आपण नेहमी ज्या संकटांपासून सुटका मागतो त्यांच्या जागी बॉम्ब, रणगाडे, आग, मातीखाली गाडले जाणे अशी ताजी नावे येतात. लेखक या प्रसंगावर भाष्य करीत नाही, त्याला श्रद्धेचा विजय म्हणत नाही आणि भाबडेपणा म्हणून हसतही नाही. स्टालिन, चर्चिल, लंडनमधले पोलिश सरकार यांना या पुस्तकात जवळजवळ जागाच नाही. राजकारण आवाजांच्या रूपाने खाली उतरते. पूर्वेच्या तोफा ऐकू येतात, मग येत नाहीत, मग वर पुन्हा विमान येते. दोस्तांच्या विश्वासघाताबद्दल इतिहासाच्या जाड ग्रंथांनी जे मला समजावले, त्याहून अधिक या ऐकण्याने समजावले.

येथे आपल्यासारख्या वाचकांना एक मोह होतो. २ जून १९७९ रोजी वॉर्सात केलेल्या प्रवचनात पोप जॉन पॉल दुसरे यांनी मित्रराष्ट्रांनी सोडून दिलेल्या या शहराचा उल्लेख केला आणि त्याच्या ढिगाऱ्यात क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचा पुतळाही पडला होता, याची आठवण दिली. पुतळा होता ही वस्तुस्थिती आहे, आणि बोलणारा माणूस स्वतः १९४४ च्या ऑगस्टमध्ये क्राकोवमध्ये जर्मनांच्या धरपकडीतून लपून वाचलेला होता. त्याला तसे म्हणण्याचा अधिकार होता. पण आपण ते वाक्य उचलून सगळ्या वॉर्साचा उत्तम शुक्रवार करून टाकतो, पैलतीरावरच्यांना गेथसेमनीतले झोपलेले शिष्य ठरवतो आणि डोळे पुसून मोकळे होतो. तुलना टिकत नाही. शिष्यांना झोप आवरली नाही. स्टालिन जागा होता. आणि क्रूस स्वेच्छेने घ्यायचा असतो. वोला भागात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात घराबाहेर काढून गोळ्या घातलेल्या कुटुंबांना कोणी विचारले होते? उठावाचा निर्णय मूठभर अधिकाऱ्यांनी घेतला. त्यांच्या शौर्यापुढे मान लवते, पण हा प्रश्न त्याने मिटत नाही, आणि ब्याओशेव्स्कीचे थोरपण हे, की तो त्याला मिटू देत नाही.

दुसरीही एक अडचण आहे. त्याच शहरात त्याआधी पंधरा महिने दुसरा उठाव झाला होता. १९ एप्रिल १९४३ रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, भिंतीआडच्या यहुद्यांनी शस्त्र उचलले. भिंतीबाहेर फिरता पाळणा चालू होता. चेस्वाव मिवोश याने त्याच वसंतात ‘काम्पो दि फियोरी’ ही कविता लिहिली ती त्या पाळण्यावर. भिंतीबाहेरून थोडी मदत गेली, काहींनी जीवही धोक्यात घातले. तरी बहुतेक शहर पाहत राहिले. म्हणजे पैलतीरावर उभे राहण्याचा वाटा एकट्या रशियाचा नव्हे. पोलिश कॅथलिक लेखकांना हे लिहिताना जड गेले, पण लिहिले गेले.

भारतीय वाचकाला आणखी एक ठसका लागतो. वॉर्साला मदत करू द्या म्हणून तारा पाठवणाऱ्या चर्चिलच्याच सरकारने १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपले पुढारी तुरुंगात टाकले होते आणि आपल्या तुमसरला, तिकडे चिमूरला गोळ्या चालल्या होत्या. आणि सशस्त्र प्रतिकाराशी ज्यांचे तत्त्व जुळत नव्हते त्या गांधीजींनी १९४० मध्ये ‘हरिजन’मध्ये, बलाढ्य जर्मन सैन्यापुढे उभ्या राहिलेल्या पोलंडचा प्रतिकार जवळजवळ अहिंसकच मानला होता.

उठावाचे ते ६३ दिवस चालू असताना कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४०-४१ मध्ये सोविएत सत्तेनेच त्यांना घरांतून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेले होते. तेथून सुटून ती इराणमार्गे आपल्याकडे पोहोचली. त्यांतल्या कित्येकींचे पती, भाऊ, मुलगे जनरल आंदर्स यांच्या सेनेत इटलीत लढत होते. आणि आंदर्स यांनी हा उठाव म्हणजे वेडेपणा असे उघड मत दिले होते. स्टालिनवर भरवसा किती ठेवावा, हे वळिवड्यातल्या त्या आयांना वॉर्सातल्या सेनापतींहून अधिक ठाऊक होते. युद्धानंतर त्यांतल्या बहुतेकींची गावे सोविएत संघात गेली. छावणी १९४८ मध्ये बंद झाली तेव्हा पुष्कळजणी पोलंडला न जाता इंग्लंडच्या आणि त्याहून दूरच्या बोटींत बसल्या.