दुसऱ्या पाइंटची बिअर

'बिटर' नावाची इंग्लिश बिअर फारशी कडू नसते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाला कारल्याचा रस आठवतो, आणि ज्याला आयपीएची सवय आहे त्याचा पहिल्या घोटालाच हिरमोड होतो. कडूपणा मोजायला बिअरवाल्यांचं आयबीयू हे एकक आहे. स्पर्धांचे परीक्षक तयार करणाऱ्या बीजेसीपी या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शिकेत 'बेस्ट बिटर'साठी 25 ते 40 आयबीयू दिले आहेत, अमेरिकन आयपीएसाठी 40 ते 70. म्हणजे जिच्या नावातच कडूपणा आहे ती जिथे थांबते तिथून दुसरी सुरू होते. हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पबमध्ये 'माइल्ड' ही कमी हॉप्सची, ताजी बिअर चालायची. जास्त हॉप्स घातलेल्या नव्या बिअरला ब्रुअरीवाले 'पेल एल' म्हणत राहिले, पिणारे मात्र माइल्डच्या शेजारी ठेवून तिला 'बिटर' म्हणू लागले.

मी लिहिते आहे ती बिटर पूर्व लंडनच्या हॅकनी भागातल्या फाइव्ह पॉइंट्स या ब्रुअरीची. बिअरचं नाव नुसतं 'बेस्ट'. ब्रुअरी 2013 सालची, म्हणजे क्राफ्ट बिअरच्या लाटेतलीच. 4.1 टक्के अल्कोहोल, मारिस ऑटर या बार्लीचं माल्ट, आणि केंट परगण्यातले फगल हॉप्स. मारिस ऑटर ही 1960च्या दशकात केंब्रिजला तयार झालेली जात, फगल त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातला. पाककृती म्हणून पाहिलं तर यात नवं काहीच नाही. शेजारच्या नळांवर पॅशनफ्रूट, आंबा, नारळ असले प्रकार असताना एखाद्या तरुण ब्रुअरीने हे का करावं, या प्रश्नाने मी ही बिअर प्यायला लागले. ब्रुअरीचाच पेंबरी टॅव्हर्न नावाचा पब आहे, तिथे ती हातपंपावर मिळते.

रंग तांब्याचा. चिंचेने घासून दोन-चार दिवस झालेल्या तांब्याचा, लखलखीत नव्हे. वर बोटभर फेस. वासात भाजलेलं बिस्किट, ओली माती, ओलं लाकूड आणि थोडा गाळलेल्या चहाचा चोथा. पहिल्या घोटाला, खरं सांगायचं तर, काहीच घडत नाही. माल्टची गोडसर चव येते न येते तोच जाते. घोट गिळून झाल्यावर जिभेच्या कडांना एक कोरडेपणा जाणवतो, आणि या बिअरचं सगळं काम तिथे चालतं. तो कोरडेपणा पुढचा घोट मागतो. अर्ध्या ग्लासापर्यंत बिअर दोन-तीन अंशांनी कोमट होते आणि संत्र्याच्या सालीच्या मुरंब्यासारखं काहीतरी वर येतं. ते आधीपासून तिथे असणार, थंड असताना कळत नाही इतकंच. दुसऱ्या पाइंटला माल्टचा गोडवा मागे सरकतो, फगलचा मातकटपणा पुढे येतो, आणि गप्पांच्या नादात आपण पीत आहोत हे विसरायला होतं. हे विसरणं मी गुणांच्या बाजूला लिहिते.

या कडूपणाला मराठीत नेमकं काय म्हणावं यावर माझं बरंच डोकं खर्च झालं आहे. संस्कृतातल्या सहा रसांमध्ये 'कटु' म्हणजे मिरीसारखं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबासारखं कडू. आपला 'कडू' शब्द मात्र 'कटु'वरून आला आणि अर्थ बदलून बसला. बिटरमध्ये तिक्त थोडं आणि कषाय, म्हणजे तुरट, बरंच असतं. पण शब्दांपेक्षा पदार्थ जास्त उपयोगी पडतो. कडव्या वालांचं बिरडं घ्या. वाल कडवे असतात म्हणून त्यात गूळ पडतो. पण गूळ कडवटपणा मारायला घालत नाहीत, कडवटपणा नसता तर नुसतं गोडमिट्ट बिरडं कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नसतं. माल्ट हा इथला गूळ. कारल्याच्या भाजीची तुलना करायची तर ती आयपीएशी. तिथे कडूपणा हाच पराक्रम असतो आणि खाणाराही जरा छाती पुढे काढून खातो.

माझी एक तक्रार आहे. एकट्या फगलवर बिअर उभी करण्यात सचोटी आहे, पण तिसऱ्या भेटीत थोडा एकसुरीपणा जाणवतो. लुइस गावच्या हार्वीज या जुन्या ब्रुअरीची 'ससेक्स बेस्ट' शेजारी ठेवून पाहिली की हे कळतं. ती 4 टक्क्यांची, तिच्यात फगल, गोल्डिंग, प्रोग्रेस आणि ब्रॅमलिंग क्रॉस असे चार हॉप्स. शिवाय हार्वीजचं यीस्ट 1957 साली यॉर्कशरच्या टॅडकास्टरहून आणलेलं, तेव्हापासून एका घाण्यातून पुढच्या घाण्यात विरजणासारखं चालत आलेलं. त्या यीस्टला स्वभाव आहे, किंचित आंबट, फळकट, कधी हट्टी. फाइव्ह पॉइंट्सचं यीस्ट सभ्य आहे. बिअर नीट करून ते बाजूला होतं. मला हार्वीज जास्त आवडते, पण पहिल्यांदा बिटर पिणाऱ्याला मी हॅकनीला नेईन.

आता पिंपाविषयी सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय वरचं सगळं वर्णन निरर्थक आहे. ही बिअर ब्रुअरीतून निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि पबच्या तळघरात, 11 ते 13 अंश सेल्सिअसला, ती शेवटची आंबते. नेहमीचं पिंप, फर्किन, नऊ गॅलनचं असतं. त्यात 72 पाइंट, साधारण 41 लिटर. गाळ खाली बसवायला पारंपरिक पद्धतीत माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात (शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं, हल्ली अनेक ब्रुअरी तो वगळतात). मग पिंपाला भोक पाडून वायू किती सोडायचा, किती राखायचा, हे तळघर सांभाळणारा ठरवतो. नळावर गॅसचा दाब नसतो. हाताने पंप ओढला की बिअर वर येते आणि तिच्या जागी पिंपात हवा शिरते. त्या क्षणापासून घड्याळ सुरू. तीनेक दिवसांत पिंप संपलं नाही तर बिअर मरगळते, मग आंबट होते.

म्हणजे या बिअरच्या चवीत ब्रुअरीइतकाच तळघरवाल्याचा हात असतो. आणि हे फारसं बोललं जात नाही, पण शेजारच्या गिऱ्हाइकांचाही असतो. त्यांनी काल किती प्यायली यावर माझा आजचा पाइंट ठरतो. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी एका ओस पबमध्ये मला मिळालेल्या बिटरला व्हिनेगरचा वास होता. बार सांभाळणाऱ्या मुलाने काही न बोलता ग्लास बदलून दिला, दुसरी बिअर दिली, पण हातपंपावरची पाटी उलटी केली नाही. माझ्यानंतर तीच बिअर पहिल्यांदा घेणाऱ्याने काय ठरवलं असेल ते उघड आहे. खप कमी म्हणून बिअर शिळी, बिअर शिळी म्हणून खप कमी. असं चक्र एखाद्या सर्व्हरवर फिरायला लागलं तर आम्ही रात्री उठून ते तोडतो. पबमध्ये ते वर्षानुवर्षं निवांत फिरत राहतं.

1971 साली चार तरुण इंग्रजांनी कामरा ही ग्राहकांची चळवळ काढली ती अशाच काळजीतून. तेव्हा मोठ्या कंपन्या पिंपं काढून गाळलेली, निर्जीव, गॅसच्या दाबावरची बिअर सगळीकडे बसवत होत्या. 'रिअल एल' हा शब्द त्या चळवळीने रूढ केला. आजचा धोका वेगळ्या दिशेने येतो असं मला वाटतं, आणि तो माझ्याच धंद्यातून येतो. 2010मध्ये सुरू झालेल्या अनटॅप्डसारख्या ॲपवर लोक प्यायलेल्या प्रत्येक बिअरला पाचपैकी तारे देतात. तिथल्या वरच्या याद्या उघडा. दहा टक्क्यांच्या पुढचे काळे इंपीरियल स्टाउट आणि गढूळ डबल आयपीए यांचीच गर्दी. बिटर तिथे साडेतीनच्या आसपास घुटमळते. लोकांना ती आवडत नाही असा याचा अर्थ काढणं चूक आहे. हे ॲप पहिल्या भेटीतला धक्का मोजतं, नवनव्या बिअर नोंदवल्याबद्दल बिल्ले देतं. एकाच पबमध्ये तीस वर्षं तीच बिटर पिणारा माणूस त्या गणितात जवळजवळ नसतोच, कारण त्याच्याकडे नवीन नोंदवण्यासारखं काही नाही. जिची खूण 'अजून एक घेऊ' ही आहे, तिला एका घोटावर मार्क द्यायचे, हे कसोटी सामना पहिल्या षटकावर जोखण्यासारखं आहे.

बिअरवरच्या लिखाणालाही हा दोष आहे. मायकेल जॅक्सन (गाणारा नव्हे, 1977चं 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' लिहिणारा इंग्रज) याने बिअरचे प्रकार लावून दिले, आणि बिअरबद्दल वाइनइतकं गंभीरपणे लिहिता येतं हे दाखवलं. त्याचे उपकार आहेतच. पण वाइनच्या पद्धतीबरोबर हुंगणं, चाखणं, थांबणं, पुढचा ग्लास हेही आलं. बिटर त्यासाठी घडलेली नाही. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि चढे कर यांनी इंग्रजी बिअर पातळ झाली आणि युद्ध संपल्यावर पूर्वीच्या ताकदीला परतली नाही. त्या मर्यादेत, चार टक्क्यांच्या आत-बाहेर, संध्याकाळभर कंटाळा न आणणारी चव कशी बसवायची हे कसब पुढच्या ब्रुअरांनी कमावलं.

म्हणूनच क्राफ्ट ब्रुअरीने बिटर करणं मला धाडसाचं वाटतं. क्राफ्ट या शब्दात 'बघा, हे मी केलं' असा सूर असतो, आणि इथे तर स्वतःला पुसून टाकायचं आहे. याची दुसरी बाजू म्हणजे वारसा जपण्याचा उत्साह. 2024 साली कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने बर्टन-ऑन-ट्रेंटमधली 'युनियन' पद्धत बंद केली. ओकच्या पिंपांची रांग, आंबणारी बिअर त्यांतून नळ्यांनी वरच्या पन्हळीत चढते आणि यीस्ट वेगळं होतं, अशी ती जुनी रचना. त्यातला एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज या क्राफ्ट ब्रुअरीने नेला. 'जयपूर' नावाची आयपीए विकणारे हेच ते. संच वाचला याचा मला आनंद झाला, पण लाकडाचं यंत्र वाचवणं त्या मानाने सोपं आहे. बहात्तर पाइंट तीन दिवसांत संपवणारी माणसं दर आठवड्याला नव्याने लागतात.

पेंबरीत ती येतात. म्हणून तिथली 'बेस्ट' चांगली लागते, आणि तीच बिअर कॅनमध्ये घरी आणली की जास्त थंड, जास्त बुडबुड्यांची, जरा ओळख विसरल्यासारखी वागते. अनोळखी पबमध्ये मी आता चाखायला छोटा ग्लास मागत नाही. इथे सगळ्यात जास्त कुठली खपते ते विचारते, आणि उत्तर देताना बारवाला अडखळला नाही तर तीच घेते.