माळवा अफू, दमण बंदर आणि ‘तस्करी’ ही संज्ञा : एक चिकित्सा

अमर फारुकी यांनी ‘स्मगलिंग ॲज सबव्हर्जन’ (१९९८) या ग्रंथात माळवा अफूच्या चीनकडील निर्यातीची मीमांसा केली आहे. बंगालमधील मक्तेदारी जपण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने हा व्यापार तस्करी ठरविला. पोर्तुगीज दमणमध्ये मात्र कंपनीचा हुकूम चालत नव्हता. १८३० च्या सुमारास कंपनीने मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवाना शुल्क बसविले आणि कालची तस्करी महसुलाचे साधन बनली.

देशी व्यापाऱ्यांनी मक्तेदारीस शह दिला, हे फारुकींचे प्रतिपादन मौलिक आहे. तथापि ते अपुरे वाटते. जार्डिन मॅथेसनशी व्यवहार करणारे जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये ‘सर’ झाले. शिवाय चिनी कायद्यानुसार कंपनीची अफूही निषिद्धच होती. तेव्हा तस्कर ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारणे अगत्याचे ठरते.