भागीदारी कोणाची, प्रदेश कोणाचा? : लोमे ते सामोआ करारमालिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना प्रादेशिक संघटनांचा विचार आपण बहुधा एकेका संघटनेपुरता करतो. स्थापनावर्ष, सदस्यसंख्या, उद्दिष्टे, यशापयश या ठरावीक चौकटीत युरोपीय संघ, आसिआन, सार्क ही प्रकरणे बसवली जातात आणि प्रश्नपत्रिकाही त्याच चौकटीतून निघतात. एका खंडातील गट दुसऱ्या खंडातील गटाशी व्यवहार करू लागला म्हणजे काय घडते, हा प्रश्न त्यात मावत नाही. अशा व्यवहाराचे सर्वांत दीर्घ उदाहरण म्हणजे युरोपीय समुदाय, म्हणजे नंतरचा युरोपीय संघ, आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक देशांचा एसीपी गट यांच्यातील करारमालिका. १९७५ चा लोमे करार, २००० चा कोटोनू करार, त्यातून निघालेले आर्थिक भागीदारी करार आणि २०२३ चा सामोआ करार असा तिचा प्रवास आहे. या सर्व संहितांमध्ये 'प्रादेशिक एकात्मता' हे उद्दिष्ट उत्तरोत्तर ठळक होत गेले. परंतु ज्या यंत्रणेने ते साधायचे होते, तिनेच आफ्रिकेतील प्रादेशिक गट विस्कळीत केले. प्रस्तुत लेखात हा विरोधाभास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लोमे : सामूहिक सौद्याचे एक पर्व

या संबंधांची मुळे वसाहतवादात आहेत, हे प्रथमच नोंदवले पाहिजे. १९५७ च्या रोम करारानेच फ्रान्स, बेल्जियम आदींच्या वसाहती नव्या समुदायाशी 'संलग्न' केल्या होत्या. त्या स्वतंत्र झाल्यावर १९६३ मध्ये कॅमेरूनमधील याउंदे येथे अठरा आफ्रिकी राष्ट्रांशी करार झाला. १९७३ मध्ये ब्रिटन समुदायात आल्यावर राष्ट्रकुलातील देशांचे काय, असा प्रश्न उभा राहिला. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील देशांना संलग्नतेचे दार उघडण्यात आले. भारत, पाकिस्तान व श्रीलंका यांना ते बंद राहिले. आशियाई अर्थव्यवस्थांचा आकार आणि त्यांच्या निर्यातीची स्पर्धा युरोपला पेलणारी नव्हती. भारताच्या वाट्याला १९७३ चा स्वतंत्र व्यापारी सहकार्य करार आला. 'एसीपी' हा प्रदेश भूगोलाने घडवलेला नाही. युरोपच्या वसाहतींचा नकाशा आणि युरोपची सोय यांतून तो आकारास आला आहे.

असे असूनही त्या देशांनी या कृत्रिम गटाचे रूपांतर सौदाशक्तीत केले, ही लोमेची खरी कथा आहे. १९७३ च्या तेलसंकटाने कच्च्या मालाच्या उत्पादकांना आत्मविश्वास दिला होता. नायजेरियाच्या पुढाकाराने आणि गयानाचे परराष्ट्रमंत्री श्रीदत्त रामफल यांच्यासारख्या वाटाघाटीकारांच्या कौशल्याने इंग्रजी व फ्रेंच भाषक देश एका आवाजात बोलले. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोच्या राजधानीत ४६ देशांनी नऊ युरोपीय राष्ट्रांशी करार केला. एसीपी गटाची औपचारिक स्थापना करणारा जॉर्जटाउन करार त्यानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये झाला. करार आधी आणि संघटना नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लोमे कराराचे वैशिष्ट्य म्हणजे परतफेडीची अट नसलेल्या सवलती. एसीपी देशांचा बहुतेक माल युरोपात शुल्काविना जाऊ शकत होता. युरोपच्या मालाला तशीच सवलत देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. कोको, कॉफी, भुईमूग यांसारख्या शेतमालाच्या निर्यात उत्पन्नात घट आल्यास भरपाई देणारी 'स्टॅबेक्स' योजनाही त्यात होती. या पर्वाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. १९८० आणि १९८१ मध्ये भाव कोसळताच स्टॅबेक्सचा निधी मागण्यांना पुरेना. शिवाय युरोपच्या एकूण आयातीतील एसीपी देशांचा वाटा १९७६ मध्ये सुमारे ६.७ टक्के होता, तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे तीन टक्क्यांवर आला. युरोपीय आयोगाने १९९६ च्या आपल्या चर्चापत्रात सवलतींच्या धोरणाचा फेरविचार मांडताना हाच आधार घेतला. सवलती होत्या, विकण्याजोगा वेगळा माल निर्माण झाला नव्हता, आणि त्याची जबाबदारी एसीपी सरकारांवरही येते.

साखरेचा धडा

लोमेसोबत झालेला साखरविषयक मसुदा महाराष्ट्रातील वाचकास विशेष जवळचा वाटेल. त्यानुसार युरोप दरवर्षी सुमारे १३ लाख टन ऊससाखर हमीभावाने घेण्यास बांधील होता. हा भाव युरोपच्या अंतर्गत भावाशी जोडलेला असल्याने तो अनेकदा जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट असे. मसुद्याला कालमर्यादा नव्हती. यातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४ लाख ८७ हजार टन, मॉरिशसचा होता. ज्या मळ्यांतून ही साखर जात होती, त्यांत एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांमध्ये मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. साखरेच्या या हमी उत्पन्नाने मॉरिशसला कापडउद्योग आणि पर्यटनाकडे वळण्यास आधार दिला. याच धर्तीवर भारतालाही एक कोटा मिळाला होता, वर्षाला दहा हजार टनांचा. आपल्याकडील एखादा मध्यम सहकारी कारखाना एका हंगामात याहून अधिक साखर काढतो!

या व्यवस्थेची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. युरोपला या साखरेची गरज नव्हती, कारण त्याची स्वतःची बीटसाखर मुबलक होती. म्हणून एसीपी व भारताकडून येणाऱ्या साखरेइतकी, म्हणजे सुमारे १६ लाख टन साखर, युरोप निर्यात अनुदान देऊन जागतिक बाजारात ओतत असे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २००५ मध्ये अपील मंडळाने युरोपविरुद्ध निर्णय दिला. युरोपने आपली साखरव्यवस्था बदलली. २००६ पासून चार वर्षांत आधारभाव ३६ टक्क्यांनी उतरवला. २००७ मध्ये त्याने एसीपीसोबतचा मसुदाही रद्द करण्याची सूचना दिली आणि ऑक्टोबर २००९ पासून तो संपुष्टात आला. कालमर्यादा नसलेला करार एका पक्षाच्या सूचनेने संपला. सेंट किट्सने तर २००५ मध्येच सुमारे तीनशे वर्षांचा साखरउद्योग बंद केला. दोन गटांतील करार तिसऱ्या कोणाच्या तक्रारीने कसा कोसळतो, याचे हे उदाहरण. तक्रारदारांची बाजू अन्याय्य होती असेही म्हणता येत नाही. केळ्यांच्या वादात १९९७ मध्ये इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको व अमेरिका यांनी युरोपविरुद्ध निर्णय मिळवला, तेव्हाही मध्य अमेरिकेतील मजुराचा प्रश्न कॅरिबियन शेतकऱ्याच्या प्रश्नाइतकाच खरा होता.

कोटोनू : समानतेची भाषा आणि विभागणीची यंत्रणा

२३ जून २००० रोजी बेनिनमधील कोटोनू येथे नवा करार झाला. तो फिजीतील सुवा येथे व्हायचा होता, परंतु मे महिन्यात तेथे झालेल्या उठावामुळे स्थळ बदलावे लागले. ७७ एसीपी देश आणि १५ युरोपीय राष्ट्रे यांच्या या करारात 'भागीदारी' हा शब्द पानोपानी येतो. तथापि आशयात मूलभूत बदल होता. परतफेडीची अट नसलेल्या सवलती केवळ २००७ अखेरपर्यंत राहणार होत्या आणि त्यानंतर परस्पर मुक्त व्यापारावर आधारित आर्थिक भागीदारी करार अपेक्षित होते. गॅट कराराच्या २४ व्या कलमानुसार अशा करारात 'जवळपास सर्व' व्यापार मुक्त असावा लागतो. युरोपने याचा अर्थ असा लावला की त्याने आपली बाजारपेठ पूर्ण उघडावी आणि एसीपी देशांनी टप्प्याटप्प्याने सुमारे ८० टक्के.

हे करार देशवार न होता प्रदेशवार व्हावेत, म्हणजे प्रादेशिक एकात्मतेलाही चालना मिळेल, अशी मांडणी होती. आकर्षक वाटणाऱ्या या मांडणीचा दोष असा की प्रदेश कोणता, हे वाटाघाटींच्या सोयीने ठरले. आफ्रिकी दक्षिण विकास समुदायाचेच उदाहरण घेऊ. त्याचे सदस्य चार वेगवेगळ्या वाटाघाटी गटांत विखुरले. बोत्स्वाना, नामिबिया, मोझांबिक आदी एका गटात. झांबिया, झिम्बाब्वे, मॉरिशस, मादागास्कर दुसऱ्या गटात. टांझानिया पूर्व आफ्रिकी समुदायासोबत. आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक मध्य आफ्रिकेसोबत. आफ्रिकी गटांचे सदस्यत्व मुळातच एकमेकांत गुंतलेले होते आणि तो गुंता त्यांनी स्वतः केलेला होता, हे मान्य करावे लागते. परंतु जुन्या गुंत्यावर बाहेरून नवी रेषा ओढली गेली.

दुसरे कारण अधिक निर्णायक ठरले. २००१ मध्ये युरोपने अत्यल्प विकसित देशांसाठी शस्त्रांखेरीज सर्व मालाला शुल्कमुक्त प्रवेश जाहीर केला. धोरण स्तुत्य होते. पण परिणामी एकाच प्रादेशिक गटातील देशांचे हितसंबंध दुभंगले. अत्यल्प विकसित देशाला करार न करताही बाजारपेठ उपलब्ध होती. त्याच्या शेजारी असलेल्या, थोड्या बऱ्या स्थितीतील देशाला करार न केल्यास शुल्क भरावे लागणार होते. २००७ ची मुदत जवळ येताच घाना आणि आयव्हरी कोस्ट यांनी पश्चिम आफ्रिकी गटाची वाट न पाहता स्वतंत्र अंतरिम करार स्वीकारले, मध्य आफ्रिकेतून कॅमेरूनने. त्याच डिसेंबरात लिस्बन येथील आफ्रिका-युरोप शिखर परिषदेत सेनेगलचे अध्यक्ष अब्दुलाये वाद यांनी या करारांना जाहीर विरोध केला. त्यांचा देश अत्यल्प विकसित गटात असल्याने तो विरोध त्यांना परवडणारा होता. घानाला तो परवडणारा नव्हता. कॅरिबियन गटाने मात्र २००८ मध्ये संपूर्ण करार केला; त्यातही गयानाचे अध्यक्ष भरत जगदेव यांनी आक्षेप नोंदवत आपली सही काही दिवस लांबवली.

नाइवाशाची फुले

या दुभंगाचे सर्वांत बोलके उदाहरण केनियाचे आहे. पूर्व आफ्रिकी समुदाय हा जकात संघ आहे. त्याच्या सदस्यांचे बाह्य आयातशुल्क सामाईक असते. २०१४ मध्ये समुदायाच्या पाच सदस्यांपैकी केनिया वगळता सारे अत्यल्प विकसित होते. त्या वर्षी युरोपने ठरवलेल्या १ ऑक्टोबरच्या मुदतीपर्यंत करार पूर्ण न झाल्याने केनियाच्या सवलती थांबल्या. नाइवाशा सरोवराकाठच्या मळ्यांतून युरोपात जाणाऱ्या गुलाबांवर शुल्क लागू झाले, तर टांझानिया व युगांडाच्या फुलांवर काहीच नाही. ऑक्टोबरच्या मध्यास वाटाघाटी संपल्या आणि डिसेंबरअखेर सवलत पूर्ववत झाली. जे सात वर्षांच्या चर्चेने झाले नव्हते, ते पंधरवड्यात झाले. यास परस्पर सहमती म्हणावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते नाही.

पुढे २०१६ मध्ये केनिया आणि रवांडा यांनी सह्या केल्या. टांझानियाने आपल्या औद्योगिकीकरणाच्या चिंतेने नकार दिला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये केनियाने युरोपशी स्वतंत्र करार केला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. इतर सदस्यांसाठी दार उघडे आहे, असे त्यात नमूद आहे. परंतु सामाईक शुल्क असलेल्या संघातील एका सदस्याने एकट्यानेच तिसऱ्या पक्षास शुल्कसवलत देणे, हा त्या संघाच्या कल्पनेलाच छेद आहे.

सर्वत्र असेच घडले असे नाही. जून २०१६ मध्ये बोत्स्वानातील कासाने येथे दक्षिण आफ्रिकेसह सहा देशांनी केलेल्या करारामुळे तेथील जकात संघाची युरोपसंबंधी शुल्करचना उलट अधिक एकसारखी झाली. तेथे संघ फार जुना होता आणि सौदा करू शकणारा एक मोठा देश आत होता. पश्चिम आफ्रिकेत असा देश नायजेरिया. पण त्याने सहीच केली नाही. १९७५ मध्ये ४६ देशांना एकत्र आणणारा देश या पर्वात आपल्या शेजाऱ्यांनाही सोबत ठेवू शकला नाही. दक्षिण अमेरिकेतही याचे प्रतिबिंब दिसते : अँडियन समुदायाशी २००७ मध्ये गट म्हणून सुरू झालेल्या वाटाघाटी पुढील वर्षीच फिस्कटल्या आणि शेवटी युरोपने कोलंबिया व पेरू यांच्याशी करार केला, बोलिव्हिया बाहेर राहिला.

सामोआ आणि पुढे

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी आपिया येथे झालेल्या सामोआ कराराने एक सामाईक पाया आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिक यांसाठी तीन स्वतंत्र प्रादेशिक मसुदे अशी रचना केली. व्यापारी सवलतींचा भाग आधीच्या आर्थिक भागीदारी करारांवर सोपवलेला आहे. एसीपी गटाने २०२० मध्ये राष्ट्रसंघटनेचे रूप घेतले, पण २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिका त्यातून बाहेर पडली. आफ्रिकी संघाला खंड म्हणून बोलायचे आहे. २०१८ मध्ये किगाली येथे मान्य झालेल्या आफ्रिकी मुक्त व्यापार क्षेत्राखाली जानेवारी २०२१ पासून व्यापार सुरू झाला आहे.

नेमक्या याच ठिकाणी जुन्या करारांची अडचण जाणवते. पश्चिम आफ्रिकी समुदायाने २०१५ पासून सामाईक बाह्य शुल्क स्वीकारले आहे. घानात युरोपीय यंत्रसामग्री सवलतीने उतरू शकते. नायजेरियात तिच्यावर सामाईक दर लागू आहे. अक्राहून टोगो व बेनिनमार्गे लागोसकडे निघालेल्या मालमोटारीला सीमेवर थांबवून आतील माल मुळात कोठला, हे जकात अधिकाऱ्याला आजही विचारावे लागते. हा रस्ता लोमे आणि कोटोनू या दोन्ही शहरांतून जातो.