न्यायनिर्णयातील कर्ता

न्यायनिर्णय हा एक गद्यप्रकार आहे, ही गोष्ट मराठी समीक्षेने क्वचितच ध्यानात घेतली आहे. ज्या गद्यातील एका विधानाने माणसाचा जीव जातो किंवा वाचतो, त्याच्या वाक्यरचनेची चिकित्सा केवळ विधिज्ञांवर सोपवून चालणार नाही. नाशिकच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१९ साली दिलेले परस्परविरोधी निर्णय या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावयास हवेत.

हकीकत थोडक्यात अशी. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ मळ्यातील एका झोपडीवर दरोडा पडला; पाच माणसे मारली गेली, दोन स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र सहाही जणांना फाशीच दिली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले.

२००९ च्या निर्णयाने १९९६ च्या एका निवाड्याचा आधार घेतला होता. शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे स्वरूप पाहावे, गुन्हेगाराचे नव्हे, असे त्या निवाड्याचे सूत्र. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे क्रिया सर्व विशेषणांनी मढविली जाते आणि कर्ता गृहीत धरला जातो. गुन्हा अमानुष होता याविषयी कोणाचेच दुमत नव्हते; वाद होता तो ‘कोणी’ या एका प्रश्नार्थक सर्वनामाचा. अवघ्या दोन आठवड्यांनी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने हे सूत्र बंधनकारक पूर्वनिर्णयाशी विसंगत ठरविले, आणि २०१२ मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी अशा शिक्षांविषयी राष्ट्रपतींना विनंतीपत्रे लिहिली.

पुनर्विलोकनात आरोपींची बाजू मांडणारे युग मोहित चौधरी हे मूळचे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. येट्सवरील त्यांचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. येट्सचे प्रारंभीचे लेखन ज्या नियतकालिकांत प्रथम छापले गेले, त्यांच्या संदर्भात ते वाचावे, ही त्या ग्रंथाची पद्धती. हा तपशील केवळ चरित्रात्मक नव्हे. एखादे विधान प्रथम कोठे, केव्हा आणि कोणासमोर उच्चारले गेले हे पाहण्याची हीच सवय या खटल्यात निर्णायक ठरली, असे म्हणावयास जागा आहे. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, जखमी अवस्थेतील साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार सराईत गुन्हेगार ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्यावर खटलाच झाला नाही. ओळख परेड व न्यायालयातील साक्ष ही नंतरची पाठांतरे. मूळ पाठ हा होता.

मराठीत ‘ओळखणे’ या क्रियापदाला ओळखणारा लागतो. ‘ओळख पटली’ या रचनेत तो नाहीसा होऊ शकतो. कोणाला पटली, कशावरून पटली, हे सांगावेच लागत नाही. तपासाच्या कागदांना ही दुसरी रचना प्रिय असावी, यात नवल नाही.

मृत्युदंडाच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावे, असे २०१४ मध्ये ठरले नसते, तर हा मूळ पाठ पुन्हा उघडलाही गेला नसता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता झाली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई, त्या चौघांविषयी पुढील तपास आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध, असे आदेशही न्यायालयाने दिले.

तथापि २०१९ चे गद्यही निर्दोष नाही. आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर आहेत. म्हणून त्यांना खोटे गुंतविले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे ते म्हणते. गंभीर गुन्ह्यांत निरपराध माणसे गोवली जाणे ही नेहमीची घटना आहे, हेही ते सांगते. पण कारण देणाऱ्या एका गौणवाक्यात. निर्णयातील सर्वांत गंभीर विधान असे ओझरते यावे, हे खटकते. शिवाय ‘गुंतविले गेले’ या कर्मणी रचनेत गुंतविणारा पुन्हा अदृश्य राहतो. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये तो रद्द झाला. नाशिकला लागून असलेल्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील पारधी वस्त्यांनाही तो शिक्का अपरिचित नाही. त्या कायद्यात कर्ता क्रियेच्या आधीच ठरलेला असे. या खटल्यात तो कोणी ठरविला, हे वाक्य निर्णयाने अधिकाऱ्यांच्या चौकशीवर सोडले आहे.